काफिल्यांचा राखणदार : कॅप्टन वॉकर

दुसऱ्या महायुद्धाचा अभ्यास करताना सेनापतींची नावे पाठ करावी लागतात. त्या नामावळीत क्वचितच आढळणारे एक नाव माझ्या मनात घर करून राहिले आहे. ते म्हणजे ब्रिटिश नौदलातील कॅप्टन फ्रेडरिक जॉन वॉकर.

१९३९ पासून १९४५ पर्यंत अटलांटिक महासागरात एक अखंड झुंज चालू होती. ब्रिटनला लागणारे धान्य, तेल, दारूगोळा सारे समुद्रावरून येई. व्यापारी जहाजे काफिला करून निघत आणि जर्मन पाणबुड्या रात्रीच्या अंधारात लांडग्यांच्या टोळीप्रमाणे त्यांच्यावर तुटून पडत. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर आपल्या रत्नागिरीकडचे आणि गोव्याचे खलाशीही मोठ्या संख्येने होते. त्यामुळे ही झुंज मला केवळ परक्यांची वाटत नाही.

वॉकर यांचा जन्म १८९६ साली प्लिमथ येथे झाला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी पाणबुडीविरोधी युद्धतंत्राचा अभ्यास हाती घेतला. त्या काळी नौदलात मान होता तो मोठ्या तोफांना! काफिल्यांची राखण हे रुक्ष काम समजले जाई. साहजिकच वॉकर बढतीत मागे पडले. युद्ध सुरू होऊन दोन वर्षे उलटली, तेव्हा कोठे १९४१ च्या शरद ऋतूत 'स्टॉर्क' ही छोटी युद्धनौका आणि तिच्याबरोबरचे रक्षक पथक त्यांच्या हाती आले.

त्याच डिसेंबरात जिब्राल्टरहून ३२ व्यापारी जहाजांचा काफिला त्यांच्या संरक्षणाखाली निघाला. वाटेत काही दिवस निकराची झुंज झाली. एका पाणबुडीला त्यांनी 'स्टॉर्क'चीच धडक दिली. दोन व्यापारी जहाजे आणि दोन रक्षक नौका गमवाव्या लागल्या. परंतु जर्मनांच्या पाच पाणबुड्या बुडाल्या आणि ३० व्यापारी जहाजे सुखरूप पोहोचली. काफिला वाचवता येतो, हा विश्वास या प्रवासाने दिला.

वॉकर यांची खरी बुद्धिमत्ता त्यांच्या डावपेचांत दिसते. पाण्यात ध्वनिलहरी सोडून पाणबुडीचा ठाव घेणारे ॲस्डिक यंत्र जहाजांवर असे. मात्र जहाज पाणबुडीच्या अगदी जवळ गेले की तिचा प्रतिध्वनी हरवे आणि नेमक्या त्या क्षणी ती निसटे. यावर वॉकर यांनी दोन जहाजांची युक्ती काढली. एकाने दूर राहून ॲस्डिकने पाणबुडीवर लक्ष ठेवायचे. दुसऱ्याने आपले यंत्र बंद करून अगदी संथ गतीने तिच्या डोक्यावर जायचे आणि पहिल्याचा इशारा मिळताच पाण्यात स्फोटक पिंपे सोडायची. वरचे संकट पाणबुडीला कळतच नसे. १९४४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत एकाच मोहिमेत त्यांच्या पथकाने सहा पाणबुड्या बुडवल्या.

या यशामागे एक दुःख आहे. त्यांचा मुलगा टिमथी ब्रिटिश नौदलातच, 'पार्थियन' या पाणबुडीवर अधिकारी होता. १९४३ च्या ऑगस्टमध्ये ती पाणबुडी भूमध्य समुद्राच्या परिसरात नाहीशी झाली. पाणबुड्यांचा काळ ठरलेल्या बापाचा मुलगा पाणबुडीतच गेला! आपण बुडवलेल्या प्रत्येक पाणबुडीत कोणाची तरी मुले आहेत, हे त्यानंतर त्यांना जाणवले नसेल का? जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सैनिकांपैकी सुमारे पाऊण सैनिक परत आले नाहीत. विजयाचा हिशेब मांडताना हा आकडा मला विसरता येत नाही.

वॉकर थांबले नाहीत. जून १९४४ मध्ये मित्रसैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा पाणबुड्यांना इंग्लिश खाडीबाहेर अडवून धरण्याच्या कामात त्यांचे पथक होते. पुढच्याच महिन्यात, ९ जुलै रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी लिव्हरपूल येथे मेंदूच्या विकाराने त्यांचे निधन झाले. अतिश्रमांनीच त्यांचा बळी घेतला असे मानले जाते. त्यांचा देह समुद्रालाच अर्पण करण्यात आला. १९९८ साली लिव्हरपूलच्या धक्क्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला.

जिंकणाऱ्याचे पोवाडे सगळेच गातात. राखण करणाऱ्याचे यश मात्र जे घडले नाही त्यात असते : जी जहाजे बुडाली नाहीत, जे खलाशी घरी परतले, त्यांत. म्हणूनच ते चटकन डोळ्यांत भरत नाही. उपेक्षित विषयाचा वीस वर्षे निष्ठेने अभ्यास करणारा हा माणूस आम्हा विद्यार्थ्यांना म्हणूनच जवळचा वाटावा.