धाव पूर्ण करणारे फडेप्पा चौगुले

आमच्या मावळातील मुलांस चालण्याधावण्याचे मोठेसे अप्रूप वाटत नाही. खेड्यावरून पायी शाळा गाठावी, सुटीत लोहगड किंवा राजमाची चढावी आणि पावसाळ्यात चिखल तुडवीत घरी परतावे, हे येथील कित्येकांच्या अंगवळणी पडलेले असते. अशाच साध्या पायांच्या बळावर मराठी मुलखातील एक तरुण १९२० साली बेल्जममधील अँटवर्प शहरी ऑलिंपिक सामन्यांत उतरला. बेळगावच्या त्या धावपटूचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. त्यांस कालवश होऊन बराच काळ लोटला. परंतु त्यांची हकीकत विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावी, अशी आहे.

ह्या हकीकतीचा आरंभ आपल्या पुण्यासच झाला. १९१९ साली डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा हे होते. त्या वर्षीच्या खेळांत धावावयास आलेले गडी बहुतेक शेतकरी घरांतील होते. खुराक बेताचा, पायांत पादत्राण नाही, आणि पद्धतशीर शिक्षण तर कधी मिळालेलेच नाही. शंभर यार्डांची शर्यत सरळ रेषेत घ्यावी व प्रत्येक गड्याची वाट दोरीने वेगळी करावी, ही गोष्टही तेथे कोणास ठाऊक नव्हती. असे असूनही कित्येकांच्या धावण्याचा वेळ युरोपातील धावपटूंच्या तोडीचा भरला, हे पाहून दोराबजी चकित झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड हे त्या प्रसंगी आले होते. हिंदुस्थानातूनही ऑलिंपिकला गडी पाठवावेत, ही कल्पना दोराबजींनी त्यांच्यापुढे मांडली. पुढे निवड झाली, पैसा उभा राहिला, त्यात दोराबजींनी स्वतःही पदरमोड केली, आणि १९२० साली मूठभर धावपटू व मल्ल मुंबईहून बोटीने विलायतेस निघाले. चौगुले त्यांपैकी एक होते.

पहिले महायुद्ध संपून तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. युद्धाने पोळलेल्या बेल्जमने त्या वर्षी सामने भरविले, आणि पाच कड्यांचा ध्वज ऑलिंपिकच्या मैदानावर तेथेच प्रथम फडकला. २२ ऑगस्ट रोजी मॅरेथॉनची शर्यत झाली. तिची लांबी सुमारे पाऊणेत्रेचाळीस किलोमीटर होती. लोणावळ्याहून निघावे, तळेगाव मागे टाकावे आणि देहू रोडच्याही पुढे जावे, एवढे ते अंतर! त्या दिवशी हवा गार होती व पाऊस पडत होता. मुलूख परका, भाषा अनोळखी, वाटेवर आपला म्हणावा असा माणूस नाही. चौगुल्यांचे सोबती सदाशिव दातार ह्यांस शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. चौगुले मात्र धावत राहिले.

फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन ह्यांनी २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत शर्यत जिंकली. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली व त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला. म्हणजे विजेता पोहोचल्यानंतर आणखी अठरा मिनिटे ते भिजलेल्या रस्त्याने धावतच होते. पदकाची आशा त्यांना केव्हाच उरली नसावी. तरीही शेवटची रेषा ओलांडल्यावाचून त्यांनी पाऊल थांबविले नाही.

त्या प्रवासाने पुढल्यांची वाट मोकळी झाली. १९२४ साली पॅरिसला हिंदुस्थानचा संघ गेला. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन होऊन दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९२८ साली हॉकीत सुवर्णपदक मिळाले, आणि १९५२ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव ह्यांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. ह्या सर्वांच्या आधी त्या वाटेवर ज्यांची पावले उमटली, त्यांत चौगुल्यांची पावले होती.

विद्यार्थीमित्रहो, बक्षीस समारंभाच्या दिवशी टाळ्या पहिल्या तिघांसाठी वाजतात, आणि त्या वाजाव्यातही. परंतु वर्गातील बहुसंख्य मुलांचा क्रमांक चौथ्यापासून पुढेच लागावयाचा. अशा मुलाने पुस्तक मिटावे काय? आणि अशा मुलास घरी गेल्यावर आईबापांनी काय विचारावे? आमच्या मते, किती जण पुढे गेले हे विचारण्याआधी, धाव पुरी केलीस काय, एवढेच विचारावे. प्रेषित पौलाने श्रद्धावंताच्या आयुष्यास शर्यतीची उपमा दिली, ती आम्ही उपासनेत अनेकदा ऐकतो. बेळगावच्या ह्या धावपटूने अँटवर्पच्या पावसात तिचा अर्थ पायांनी लिहून दाखविला. तो आपण आपापल्या वाटेवर गिरवावा, इतकीच प्रार्थना.