उचलून नेता न येणारं वाद्य

घर सोडून तातडीने निघायची वेळ आली तर वादक काय करतो? बासरीवाला बासरी खिशात घालतो. व्हायोलिनवाला पेटी काखेत मारतो. ऊद वाजवणारा ऊद पाठीला बांधतो. पण ऑर्गनवादकाने काय करायचं? आपल्या चर्चमधला कीबोर्ड दोन मुलं उचलून जीपमध्ये टाकतात, पण खरा पाइप ऑर्गन तसा नसतो. तो इमारतीतच बांधलेला असतो. शेकडो नळ्या, त्यांच्यात हवा सोडणारी यंत्रणा, हातांसाठी पट्ट्यांच्या दोन-तीन रांगा आणि पायांसाठी आणखी एक रांग. वास्तू जिथे, तिथेच वाद्य.

साल्वाडोर अर्निता यांचा पेशा हाच होता. ते पॅलेस्टिनी संगीतकार, वाद्यवृंदाचे संचालक, आणि या दोन्हींच्या आधी ऑर्गनवादक. १९४८ साली त्यांचं शहर दुभंगलं आणि त्यांचं पुढचं आयुष्य बैरुतमध्ये गेलं. ऑर्गन अर्थातच मागे राहिले. मग बरोबर काय आलं, या एका प्रश्नाभोवती मी त्यांचं चरित्र मांडणार आहे.

अर्निता १९१४ साली जेरुसलेममध्ये जन्मले. आपल्या मराठी बायबलमध्ये त्याला येरुशलेम म्हणतात, म्हणून मीही तेच नाव वापरतो. ते जन्मले तेव्हा तिथे उस्मानी तुर्कांचं राज्य होतं. ते तीन वर्षांचे असताना, डिसेंबर १९१७ मध्ये, ब्रिटिश फौजा शहरात आल्या. म्हणजे कळायला लागलं तेव्हापासून त्यांनी ब्रिटिश अंमलातलं येरुशलेम पाहिलं. तटबंदीच्या आत अरुंद गल्ल्यांचं जुनं शहर आणि बाहेर पश्चिमेकडे वाढत चाललेल्या नव्या वस्त्या.

जुन्या शहरात फ्रान्सिस्कन संन्यासी शतकानुशतकं राहत आले आहेत. सेंट सेव्हियर हा त्यांचा मोठा मठ. शाळा, अनाथालय, १८४७ पासूनचा छापखाना, सगळं त्याच्या आसऱ्याने वाढलं. अरब ख्रिस्ती मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकायचं असेल तर मुख्य वाट इथूनच जायची. स्वरलिपी, ऑर्गन, चार आवाजांतलं गाणं या गोष्टी मिस्सेसाठी लागत, म्हणून त्या शिकवल्या जात. ऑगस्टिन लामा हे अर्नितांचे गुरू. ते स्वतः पॅलेस्टिनी, ऑर्गनवादक आणि रचनाकार, शिष्यापेक्षा फक्त बारा वर्षांनी मोठे. त्यांच्याकडे शिकता शिकता, शाळकरी वयातच, अर्निता पवित्र कबरेच्या चर्चमध्ये ऑर्गनवर बसू लागले.

हे चर्च नेमकं कसं आहे ते थोडं सांगायला हवं. ख्रिस्ताला क्रुसावर दिलं आणि जिथे पुरलं असं आपण मानतो, ती जागा याच छताखाली आहे. पण ते एका पंथाचं नाही. लॅटिन म्हणजे आपण कॅथलिक, ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन, शिवाय कॉप्ट, सीरियन आणि इथिओपियन, सगळ्यांचे हक्क तिथे ठरलेले आहेत. कुणी कुठे, किती वाजता प्रार्थना करायची, कुठला दिवा कुणी लावायचा, इथपर्यंत. आणि दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम घराण्यांकडे. इथे एकाच्या ऑर्गनचा सूर विरतो न विरतो तोच पलीकडून दुसऱ्याच्या भाषेतलं स्तोत्र ऐकू येतं. अशा जागी वाजवायला शिकलेल्या मुलाला आपल्या सुराला शेजार असतो हे वेगळं शिकवावं लागत नसणार, असं मला वाटतं.

तरुणपणी ते इजिप्तला गेले आणि अलेक्झांड्रियात सेंट कॅथरीन या फ्रान्सिस्कनांच्या मोठ्या चर्चचे ऑर्गनवादक झाले. पुढे रोमला सांता चेचिलिया या नामांकित संगीतसंस्थेत शिकले आणि नंतर लंडनला गिल्डहॉल स्कूलमध्ये. ऑर्गन, रचना आणि वाद्यवृंद चालवणं, असं तिन्ही अंगांचं शिक्षण घेऊन ते आपल्या शहरी परतले.

परतल्यावर त्यांना काम मिळालं ते वायएमसीएमध्ये. आपल्याकडे वायएमसीए म्हटलं की हॉस्टेल आणि बॅडमिंटन आठवतं. येरुशलेमची वायएमसीए जरा वेगळी. १९३३ साली उघडलेली, उंच मनोऱ्याची, देखणी इमारत. मनोऱ्यात ३५ घंटांचा संच आहे आणि घंटा सुरांत लावलेल्या असल्यामुळे त्यांवर धून वाजवता येते. इमारतीच्या दर्शनी भागावर यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम या तिन्ही धर्मांची वचनं कोरलेली. आत मोठं सभागृह आणि त्यात अमेरिकन बनावटीचा पाइप ऑर्गन. अर्निता तिथले संगीत-संचालक झाले. ऑर्गन वाजवायचा, गायनवृंद बसवायचा, वाद्यवृंद उभा करायचा, असं त्यांचं काम.

काळ मात्र संगीताला सोयीचा नव्हता. १९३६ ते १९३९ अरबांचा उठाव चालू होता. संप, संचारबंदी, गोळीबार. त्याच काळात नाझींच्या छळातून निसटलेले यहुदी वादक युरोपातून येत होते. त्यांच्यातून घडलेल्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम डिसेंबर १९३६ मध्ये तेल अवीवला झाला आणि तो संचालित करायला खुद्द तोस्कानिनी आले. त्या वाद्यवृंदाचं नाव होतं पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्रा, म्हणजे आजचा इस्रायल फिलहार्मोनिक. एका घरातून हाकललेली माणसं दुसऱ्याच्या अंगणात आसरा शोधत होती, आणि अंगणवाल्याला आपलं अंगण जाताना दिसत होतं. दोघांचं दुःख खरं. पण एकाचं दुःख खरं आहे म्हणून दुसऱ्याचं घर जाणं न्याय्य ठरत नाही, हेही लिहायलाच हवं.

जुलै १९४६ मध्ये वायएमसीएच्या अगदी समोरच्या किंग डेव्हिड हॉटेलचा एक भाग बॉम्बस्फोटात कोसळला. ब्रिटिश सरकारची कचेरी तिथे होती आणि एका यहुदी सशस्त्र संघटनेने तो स्फोट घडवला होता. ९१ माणसं गेली. त्यांत अरब, ब्रिटिश, यहुदी, सगळेच होते.

पुढल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांची अकरा देशांची समिती पॅलेस्टाइनचं काय करायचं ते ठरवायला आली आणि तिच्या सुनावण्या याच वायएमसीएत झाल्या. अरबांच्या नेतृत्वाने त्यांवर बहिष्कार टाकला होता. समितीत भारतही होता. आपले प्रतिनिधी सर अब्दुर रहमान हे लाहोर हायकोर्टाचे न्यायाधीश. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या स्वतःच्या लाहोरचं भवितव्य ठरत होतं! भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी एका संघराज्याची शिफारस केली, पण बहुमत फाळणीचं झालं. ज्या वास्तूत अर्निता चार आवाज एका सुरात आणायचं काम करत, तिथेच देश कसा कापायचा याची चर्चा झाली.

१९४८ मध्ये जे झालं त्याला अरब लोक नकबा म्हणतात, म्हणजे महासंकट. सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी आपल्या घरांना मुकले. येरुशलेमच्या पश्चिमेकडच्या अरब वस्त्या रिकाम्या झाल्या. शहराच्या मधून तारेचं कुंपण गेलं. जुनं शहर जॉर्डनकडे, नवा पश्चिम भाग इस्रायलकडे. आता अर्नितांच्या दोन ऑर्गनांकडे पाहा. लहानपणीचा, पवित्र कबरेच्या चर्चमधला, कुंपणाच्या पूर्वेला राहिला. वायएमसीएतला पश्चिमेला राहिला. दोन्हींमधलं अंतर चालत अर्ध्या तासाचंही नाही. आणि ते दोन्ही वाजवणारा माणूस यापुढे बैरुतमध्ये.

बैरुत ते येरुशलेम सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरही भरत नाही. बेळगावहून पुणं त्याहून लांब आहे. पण मधली सीमा बंद. हे अंतर मैलांत मोजायचं राहिलं नाही.

बैरुतमध्ये ते अमेरिकन विद्यापीठात संगीताचे प्राध्यापक झाले. हे विद्यापीठ १८६६ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी कॉलेज म्हणून सुरू केलं होतं. आपल्यासारख्या मिशनच्या कॉलेजात शिकणाऱ्यांना तिथली हवा ओळखीची वाटावी. वेगवेगळ्या धर्मांची मुलं, असेंब्ली हॉल, वर्षाअखेरचे कार्यक्रम. तिथे अर्नितांनी पुन्हा गायनवृंद आणि वाद्यवृंद हातात घेतले.

ज्यांनी चर्चच्या क्वायरमध्ये कधी गायलंय त्यांना हे काम माहीत आहे. सोप्रानो एका बाजूला, बास दुसऱ्या बाजूला. प्रत्येकाला वाटतं आपलाच भाग मुख्य. निम्मे उशिरा येतात. मुलं तीन-चार वर्षांत तयार होतात आणि पदवी घेऊन निघून जातात, मग नव्या मुलांना पहिल्यापासून शिकवा. गायनवृंद या अर्थाने ऑर्गनच्या अगदी उलट आहे. त्याला भिंत लागत नाही, पण तो कधी पूर्ण बांधूनही होत नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. अर्नितांनी बरोबर आणली ती माणसांकडून गाऊन घ्यायची विद्या.

त्यांनी स्वतः पुष्कळ लिहिलं. सिंफनी लिहिल्या, पियानो, ऑर्गन आणि बासरीसाठी कॉन्चेर्तो लिहिले, पियानोच्या रचना केल्या, गायनवृंदासाठी गाणी केली. साचा युरोपचा, पण आतून अरबी सुरावटी आणि आपल्या मातीतली गाणी डोकावतात. यावर कुणी म्हणेल, उसना साचा कशाला? आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी असं म्हणू नये. कादंबरी हा साचाही आपल्याकडे बाहेरूनच आला. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिलं आणि त्या साच्यात इथल्या विधवांचं दुःख भरलं. उलट, इंग्लंडातून आलेल्या फादर स्टीफन्सनी ‘क्रिस्तपुराणा’साठी आपली ओवी घेतली. साचा कुणाचा हे विचारावं, पण त्यात काय ओतलंय हे आधी पाहावं.

या कामात त्यांच्या पत्नीचा उल्लेख टाळला तर अन्याय होईल. युसरा जव्हारिया अर्निता याही येरुशलेमच्याच, स्वतः संगीतकार आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक. पॅलेस्टाइनच्या लोककलांवर त्यांनी अरबीत एक पुस्तक लिहिलं. गावं उरली नाहीत तेव्हा लग्नातली गाणी, नाच, भरतकाम कोण लक्षात ठेवणार? निर्वासितांच्या तोंडी होतं तोवर ते कागदावर उतरवायला हवं होतं. आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी गोळा केल्या, त्यांच्या तोडीचंच हे काम. म्हणजे या घरात नवराबायको दोघंही एकाच गोष्टीच्या मागे होते. जे उचलून आणता आलं नाही, त्यातलं जेवढं सुरात आणि शब्दांत मावेल तेवढं वाचवायचं.

अर्नितांच्या रचनांतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती ‘आयडेंटिटी’ ही कँटाटा, म्हणजे गायनवृंद आणि वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना. तिचे शब्द कवी महमूद दरवीश यांचे. दरवीश १९४१ साली अल-बिरवा या गावी जन्मले आणि १९४८ मध्ये ते गावच नाहीसं झालं. त्यांची ‘ओळखपत्र’ ही १९६४ ची कविता अरब जगात सगळ्यांना माहीत आहे. एक कष्टकरी माणूस कागद भरून घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे उभा आहे आणि आपण कोण ते त्याला लिहून घ्यायला सांगतोय, एवढाच प्रसंग. कवितेत बोलणारा एकटा आहे. अर्नितांनी ती गायनवृंदाला दिली, तिथेच तिचा अर्थ मोठा झाला. खिडकीपुढच्या एकट्या माणसाला गप्प करता येतं. तेच शब्द चार आवाजांत, पाठीशी वाद्यवृंद घेऊन आले की अधिकाऱ्याला मान वर करून बघावंच लागतं. ‘मी’चं ‘आम्ही’ करायला एकही शब्द बदलावा लागला नाही.

१९७५ मध्ये लेबनॉनचं यादवी युद्ध पेटलं. ज्या शहराने आसरा दिला तेच आता जळत होतं. १९८५ साली अर्निता वारले तेव्हाही ते युद्ध संपलेलं नव्हतं.

आज त्यांचं नाव पाश्चात्त्य संगीताच्या जाणकारांनाही पटकन आठवत नाही. कारण संगीताच्या दर्जात शोधायला नको. संगीतकार मागे टिकतो तो कुणीतरी त्याच्या संहिता जपल्या, छापल्या, वाजवल्या तर, आणि हे काम बहुधा देश करतो. रेडिओ, राष्ट्रीय वाद्यवृंद, संग्रहालय. अर्नितांच्या पाठीशी देशच नव्हता. पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय संगीत-विद्यालय निघालं ते १९९३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. आज एडवर्ड सईद यांच्या नावाने चालणाऱ्या त्या विद्यालयात येरुशलेमची अरब मुलं पियानो, व्हायोलिन आणि ऊद शिकतात, आणि आता त्यांना फ्रान्सिस्कनांच्या मठाखेरीज दुसरीही वाट आहे.

वायएमसीएचा मनोरा अजून उभा आहे. पवित्र कबरेच्या चर्चमध्ये रोज ऑर्गन वाजतो. आपल्या क्वायरची तालीम शनिवारी असते. यंदा तरी वेळेवर या, आणि बासच्या मुलांनो, तुम्ही आधी या.