बाबासाहेबांनी राखलेली जागा

परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्या आपण पाठ म्हणतो. पण लंडनच्या प्रवेशासाठी त्यांना दोनदा जावं लागलं, हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही.

1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं आणि बदल्यात दहा वर्षं बडोद्याची चाकरी, असा करार. 1915 ला एम.ए. झाले. ऑक्टोबर 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. आणि 1917 ला शिष्यवृत्तीच संपली!

परतण्यापूर्वी त्यांनी एक काम केलं. प्रा. कॅनन यांच्या शिफारशीने, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. आमच्या गिरणीत खाडा पडला की जागेवर बदली उभा राहायचा. जागा राखणं काय असतं, ते आम्हाला विचारा.

बडोद्यात जातीपायी राहायला छप्पर मिळेना. मग 1918 ला मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार 450 रुपये. पण राहणं परळच्या चाळीतच. माता रमाईंनी मोजक्या पैशात घर चालवलं, तेव्हा शिल्लक पडली. थोडी मदत शाहू महाराजांची, 5,000 मित्र नवल भथेना यांचे उसने.

जुलै 1920 ला, मुदतीला सव्वा वर्ष बाकी असताना, ते निघाले. 1921 ला एम.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी दुरुस्तीला परत दिला. पैसा संपलेला. 1923 ला मुंबईत येऊन त्यांनी तो पुन्हा लिहून धाडला, आणि त्याच साली पदवी पदरात पडली.