शोमरोनी स्त्री आणि पंडिता रमाबाई



आजचं वाचन : योहान, अध्याय 4, वचने 1 ते 42.

खोपटच्या डेपोतून एसटी गाड्यांचे आवाज सुरू व्हायच्या आत मी वाचायला बसते. आज शोमरोनी स्त्रीपाशी आले आणि तिथेच थांबले. हा अध्याय उघडला की मला पंडिता रमाबाईच आठवतात.

आपल्या मंडळ्यांत हल्ली 'मिशन ट्रिप' हा शब्द फार ऐकू येतो. इथून सुवार्ता घेऊन परदेशी जायचं, सेवा करून यायचं. चांगलंच आहे. रमाबाईंचं मात्र उलटं झालं. त्या 1883 साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टरकी शिकायच्या इच्छेने. तिकिटाचे पैसे 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकातून उभे केले. कडेवर दोन वर्षांची मनोरमा. वय अवघं पंचवीस.

त्या वयापर्यंत काय काय सोसलं होतं! वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण, तिघंही दुष्काळात गेली. मग भावाबरोबर पायी भटकंती, अर्धपोटी. 1878 साली कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावींशी लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत पटकीने तेही गेले. घरात सापडलेलं लूकचं बंगाली शुभवर्तमान त्यांनी नवरा असतानाच वाचलं होतं. म्हणजे वचन माहीत होतं. वादात तर त्यांना हरवणारा पंडित मिळणं कठीण! पण माहीत असणं वेगळं.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या. पुण्यात याच संघाच्या सिस्टरांशी ओळख झाली होती. कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न तिथेच संपलं. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच परक्या गावात स्वतःचं जीवन संपवलं. त्या दिवसांत रमाबाईंची अवस्था काय झाली असेल, कल्पनाच करवत नाही.

मग सिस्टरांनी त्यांना हवापालटासाठी लंडनच्या शाखेत पाठवलं. तिथे, फुलहॅमला, समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी एक घर होतं. रमाबाईंनी ते पाहिलं. एकेकाळी त्या घरात आसरा घेतलेल्या काही बायका आता स्वतःच आजारी आणि अपंग माणसांची सेवा करत होत्या. अशा बाईला परत उभं करायचं असतं, हे रमाबाईंनी तोवर कुठे पाहिलंच नव्हतं. सारी शास्त्रं वाचून झाली होती, पण अशा बाईसाठी दार उघडं ठेवलेलं कुठे दिसलं नव्हतं. तुम्ही हे कशासाठी करता, असं त्यांनी शिकवणाऱ्या सिस्टरला विचारलं. तिने उत्तर म्हणून हाच अध्याय वाचून दाखवला, याकोबाच्या विहिरीचा. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथे गोष्ट पूर्ण झाली असं आपल्याला वाटतं. तशी ती झाली नाही. सिस्टरांनी सांगितलेलं सगळंच त्यांनी मान्य केलं नाही. प्रश्न विचारत राहिल्या, वाद घातले, शाकाहारही सोडला नाही. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो. आपल्यातले किती जण असं लिहून देतील?

पण फुलहॅमला पाहिलेलं त्या विसरल्या नाहीत. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला नेलं. मध्य प्रांतातल्या आणि गुजरातच्या दुष्काळांत स्वतः फिरून उपाशी मुली-बायका केडगावला आणल्या. मुक्ती मिशनमध्ये एका वेळी दोन हजारांच्या आसपास जणी होत्या. आणि त्याच आवारात 'कृपासदन' उभं राहिलं, ज्यांना कोणीच घरात घेणार नाही अशा बायकांसाठी. तिथल्याच छापखान्यात, त्यांनी मूळ भाषांवरून सोप्या मराठीत केलेलं सबंध बायबल छापलं. 1921 मध्ये मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः. पूर्ण बायबल बाहेर आलं ते 1924 मध्ये.

आता माझं सांगते. आमच्या प्रार्थना गटातली एक बहीण काही महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली. कुजबुज झाली. मग ती उपासनेला यायची बंद झाली. गटात तिचं नाव प्रार्थनेत घेतलं जातं, मीही घेते, डोळे मिटून. पण तिचा जिना काही मी चढले नाही. घर लांब नाही हो, रिक्षासुद्धा लागत नाही. लोक काय म्हणतील, एवढंच कारण. केडगावला दोनदा जाऊन आले, रमाबाईंवर बायकांच्या सभेत बोललेसुद्धा, आणि इथल्या इथे दोन गल्ल्या ओलांडता आल्या नाहीत.

आज दुपारी जाते आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. प्रभूने त्या बाईकडे आधी पाणी मागितलं, तसा मी आधी चहा मागेन म्हणते. दोनच्या सुमारास आठवण झाली तर आम्हा दोघींसाठी प्रार्थना करा.