लेडी एडा लव्हलेस

रोज सकाळी हजेरीपट उघडून आम्ही क्रमांक पुकारतो. ज्याचे नाव त्यापुढे असेल तो 'हजर' म्हणतो, आम्ही खूण करतो आणि पुढील क्रमांकाकडे वळतो. कृती एकच, क्रमांक तेवढा बदलतो. यंत्राकडून असेच काम कसे करवून घ्यावे, हे आधुनिक संगणकाच्या शंभर वर्षे आधी कागदावर मांडणाऱ्या विदुषीचा परिचय येथे करून देत आहोत.

कविवर्य बायरन यांची ही कन्या १० डिसेंबर १८१५ रोजी लंडन येथे जन्मली. ती महिन्याभराची असतानाच आईवडील विभक्त झाले. मुलीने पित्याच्या वळणावर जाऊ नये म्हणून आईने तिला गणिताची गोडी लावली. १८३३ साली, सतरा वर्षांची असताना, तिची चार्ल्स बॅबेज यांच्याशी गाठ पडली. पुढे विवाह झाला, तीन मुले झाली; गणित मात्र सुटले नाही.

बॅबेज यांच्या नियोजित विश्लेषक यंत्रावर मेनाब्रेआ या इटालियन अभियंत्याने फ्रेंच भाषेत लेख लिहिला होता. १८४३ मध्ये एडाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले व त्यास टिपा जोडल्या. त्या मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट भरल्या! खाली नाव नाही, केवळ आद्याक्षरे.

शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याचा तक्ता आहे. यंत्रातील प्रत्येक स्तंभास एक क्रमांक आणि त्या स्तंभात एक संख्या. छिद्रे पाडलेल्या पत्त्याने क्रमांक सांगावा, यंत्राने तेथील संख्या उचलून आणावी, अशी योजना. तक्त्यातील २५ कृतींपैकी १३ ते २३ या कृती पुनःपुन्हा करावयाच्या. प्रत्येक फेरीत आधी काढलेल्या संख्येचा पुढचा स्तंभ घ्यावयाचा. फेरीच्या पोटात फेरी असू शकते, हेही तिने ओळखले होते. आज वेबपानावर वस्तू आणि तिची किंमत अशा जोड्यांची यादी उमटते, तेव्हा पडद्याआड असेच चक्र फिरत असते.

या कामाचे श्रेय बॅबेज यांचेच, असे काही अभ्यासक मानतात. बीजगणित आपण करून दिले, असे बॅबेज यांनी १८६४ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. पण त्यातील आपली मोठी चूक एडानेच शोधून काढली, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. शिक्षक या नात्याने हा प्रसंग आम्हांस विशेष प्रिय आहे.

२७ नोव्हेंबर १८५२ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी, कर्करोगाने तिचा अंत झाला. तिच्या इच्छेनुसार हकनॉल येथील चर्चमध्ये पित्याशेजारी तिचे दफन झाले. बॅबेज यांचे यंत्र मात्र त्यांच्या हयातीत पुरे झालेच नाही.