विल्हेल्म मायबाख: पेट्रोलच्या थेंबाला शिस्त लावणारा इंजिनिअर



जुन्या, कार्बुरेटरवाल्या स्पोर्ट्स कारला इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवायचा म्हटलं, की जाणकार मेकॅनिक सोबत प्रेशर रेग्युलेटरही घ्यायला सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मला पहिला प्रश्न हाच पडला, की आधी जोरदार पंप घ्यायचा आणि मग त्याचा जोर कमी करायला वेगळा पार्ट घ्यायचा, हे कशासाठी?

याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्याचं नाव विल्हेल्म मायबाख. हो, त्या महागड्या गाड्यांवर असतं तेच नाव. पण माणसाची गोष्ट गाडीपेक्षा भारी आहे, म्हणून आज तीच सांगतो.

दहाव्या वर्षी पोरका

मायबाखचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉनचा. वडील सुतार. दहा वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले. मग रॉयटलिंगेन गावातल्या ब्रूडरहाउस या संस्थेने त्याला सांभाळलं. गुस्टाव्ह वेर्नर यांनी सुरू केलेल्या या संस्थेचे स्वतःचे कारखाने होते, त्यामुळे मुलांच्या हाताला काम मिळायचं. विल्हेल्मचा हात ड्रॉइंगवर बसला.

पुढे तिथल्या वर्कशॉपचा प्रमुख म्हणून गॉटलीब डाइमलर आला. तो मायबाखपेक्षा १२ वर्षांनी मोठा. त्याने पोराचं कसब ओळखलं आणि त्याला हाताखाली घेतलं. त्यानंतर डाइमलर जिथे गेला तिथे मायबाख गेला. १८७२ मध्ये दोघं कोलोनजवळच्या डॉइट्झ कंपनीत पोचले. निकोलाउस ऑटोचं फोर-स्ट्रोक इंजिन १८७६ मध्ये आलं ते याच कंपनीत, आणि ते कारखान्यात बनवण्याजोगं करण्यात मायबाखचा मोठा वाटा होता.

बागेतलं वर्कशॉप

१८८२ मध्ये दोघांनी डॉइट्झ सोडलं. श्टुटगार्टजवळच्या कानश्टाटमध्ये डाइमलरच्या घरामागे बाग होती. तिथल्या काचघराला जोडून त्यांनी वर्कशॉप थाटलं. दिवसरात्र खाटखूट चालायची. इथे खोट्या नोटा-नाण्यांचा धंदा चालतो असा संशय येऊन पोलीस आले, आणि त्यांना सापडली फक्त इंजिनं, असा किस्सा सांगतात.

१८८५ मध्ये इथूनच लहान, हलकं आणि भरभर फिरणारं पेट्रोल इंजिन बाहेर पडलं. उभ्या लंबकाच्या घड्याळासारखं दिसायचं म्हणून त्याला तेच टोपणनाव पडलं. त्याच वर्षी ते एका लाकडी दुचाकीत बसवलं. ही पेट्रोलवर चालणाऱ्या बाइकची सुरुवात मानली जाते.

खरी अडचण पेट्रोलची

इंजिन फिरायला लागलं, पण त्याला खायला कसं घालायचं? तेव्हाच्या कार्बुरेटरमध्ये हवा पेट्रोलवरून किंवा पेट्रोलमधून जायची आणि सोबत वाफ घेऊन इंजिनात शिरायची. पण पेट्रोलचा हलका भाग आधी उडून जातो, मागे जड भाग उरतो. म्हणजे मिश्रण सतत बदलत राहणार. त्यात रस्त्यावर गाडी हिंदकळली की आणखी गोंधळ.

या काळात मायबाख कंपनीबाहेर होता. १८९० मध्ये नवे भांडवलदार घेऊन डाइमलर कंपनी उभी राहिली. कंपनीने देऊ केलेल्या अटी न पटल्याने मायबाख १८९१ मध्ये बाहेर पडला. मग डाइमलरच्या पैशावर, कानश्टाटमधल्या बंद पडलेल्या हर्मान हॉटेलात त्याने काम चालू ठेवलं. १८९३ चा स्प्रे कार्बुरेटर याच दिवसांतला.

यात काय होतं? पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. त्या हवेच्या वाटेत एक बारीक नळी. हवेच्या ओढीने नळीतून पेट्रोलचा फवारा उडतो. हवा जास्त आली की पेट्रोलही जास्त. पण हे नीट चालायला नळीमागच्या वाटीतली पेट्रोलची पातळी कायम तीच हवी. म्हणून वाटीत तरंगता फ्लोट बसवला. पातळी चढली की फ्लोट वर येतो आणि त्याची सुई पेट्रोल येण्याचं भोक बंद करते. आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखंच, बरं का!

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हंगेरीच्या डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनीही स्प्रे कार्बुरेटर बनवला होता, आणि त्यांचं पेटंट १८९३ मध्येच, मायबाखच्या काही महिने आधीचं आहे.

आता पंपाकडे या

या फ्लोटची सुई पेट्रोल अडवते ती फक्त फ्लोटच्या तरंगण्याच्या जोरावर. तो जोर अगदी थोडा. पेट्रोल उंचावरच्या टाकीतून स्वतःच्या वजनाने येतं तेव्हा तो पुरतो. जुन्या स्पोर्ट्स कारच्या कार्बुरेटरना साधारण ३ पीएसआयपर्यंतचं प्रेशर झेपतं. कारच्या टायरमध्ये ३० च्या आसपास असतं, त्यावरून अंदाज येईल. आता इथे ७ पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप लावलात, तर सुई ढकलली जाते, वाटी भरून वाहते आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं. म्हणजे आगच.

म्हणून पंप टाकीजवळ आणि खालच्या बाजूला बसवतात, कारण तो ओढण्यापेक्षा ढकलण्यात पटाईत असतो. सोबत फिल्टर आणि कार्बुरेटरच्या आधी रेग्युलेटर. माझ्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर आणि ॲपच्या मध्ये लावलेला रेट लिमिट. वायरिंगमध्ये फ्यूज, रिले आणि धक्का बसल्यावर पंप बंद करणारा स्विच हवाच. नाहीतर अपघातात इंजिन बंद पडेल, पंप मात्र पेट्रोल ओतत राहील.

मर्सिडीज, आणि त्यानंतर

१८९५ मध्ये मायबाख कंपनीत परतला. मार्च १९०० मध्ये डाइमलर गेला. त्याच वर्षी एमिल येलिनेक या श्रीमंत ग्राहकाने वेगवान गाडी मागितली आणि तिला आपल्या मुलीचं, मर्सिडीजचं, नाव द्यायला लावलं. मायबाखने ३५ हॉर्सपॉवरची लांब, बुटकी आणि नव्या जाळीदार रेडिएटरची गाडी बनवली. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिने बाकीच्यांना मागे टाकलं. आजच्या कारचा आराखडा तिथून सुरू होतो, असं बरेच जण मानतात.

कंपनीवर नाव डाइमलरचं, गाडीवर ग्राहकाच्या मुलीचं. डिझाइन करणाऱ्याचं कुठेच नाही! डाइमलर गेल्यावर कंपनीत मायबाखला बाजूला सारलं गेलं आणि १९०७ मध्ये तो बाहेर पडला. टीममध्ये काम करणाऱ्या कुठल्याही इंजिनिअरला हे वाचून टोचेल. मला तर टोचलंच.

तरी साठी ओलांडल्यावर, १९०९ मध्ये, झेपेलिन वायुनौकांच्या इंजिनांची कंपनी उभी करण्यात तो मुलगा कार्लच्या सोबत होता. १९२१ मध्ये कार्लने आणलेल्या कारवर पहिल्यांदा मायबाख हे नाव लागलं. विल्हेल्मने ते पाहिलं. २९ डिसेंबर १९२९ रोजी तो गेला. आज ते नाव मर्सिडीजच्याच सगळ्यात महागड्या गाड्यांवर आहे.

तुमची बाइक २०२० नंतरची असेल, तर बहुतेक तिच्यात कार्बुरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. चावी फिरवल्यावर येणारा बारीक 'ऊंऽऽ' आवाज पंपाचा. तिथे प्रेशर ४० पीएसआयच्याही वर असतं, पण ते कायम सारखं राखायला रेग्युलेटर लागतोच. फ्लोट गेला, सुई गेली. इंजिनाला हवं तेवढंच पेट्रोल पोचवण्याचं काम मात्र अजून तेच आहे.