काचेपलीकडची आई

अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले की आपल्याकडे नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. वजन किती भरले आणि बाळ पेटीत ठेवले आहे का? वजनाचा काटा आणि काचेची पेटी या दोन्ही वस्तूंना नवजात बालकांच्या खोलीत मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांमध्ये पिएर ब्युदाँ या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. तिसरा एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. बाळ पेटीत असताना त्याची आई कुठे असते? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या पटलावर आणण्याचे श्रेयही ब्युदाँ यांच्याकडेच जाते. त्यांच्या पश्चात जगाने त्यांची पेटी स्वीकारली आणि हा प्रश्न मात्र कित्येक दशके बाजूला ठेवला.

ब्युदाँ यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८४६ रोजी उत्तर फ्रान्सच्या वाझ प्रांतातील एनांकूर-ल-सेक या लहानशा खेड्यात झाला. वैद्यकीय शिक्षण पॅरिसमध्ये झाले. ते ऐन पंचविशीत असताना, १८७०-७१ मध्ये, प्रशियाशी झालेल्या युद्धात फ्रान्सचा दारुण पराभव झाला. त्यानंतरची फ्रान्समधील अस्वस्थता समजून घेतल्याखेरीज ब्युदाँ यांचे कार्य समजणार नाही. शेजारच्या जर्मनीची लोकसंख्या वाढत होती आणि फ्रान्समध्ये जन्मच कमी होत होते. शिवाय जन्मलेल्या मुलांपैकी कितीतरी पहिला वाढदिवसही पाहत नव्हती. शहरातल्या बायकांची तान्ही मुले दूरच्या खेड्यांतील दूधआयांकडे पाठवण्याची तेथे जुनी चाल होती आणि त्यांतील अनेक मुले परत येत नसत. अशा मुलांवर सरकारी देखरेख ठेवणारा कायदा तेओफिल रूसेल या डॉक्टर-लोकप्रतिनिधीच्या प्रयत्नांनी डिसेंबर १८७४ मध्ये संमत झाला. मूल वाचवणे ही आता केवळ घरातली बाब राहिली नव्हती, तिला राष्ट्रकार्याचे स्वरूप आले होते.

पॅरिसच्या मातेर्निते या प्रसूतिगृहात ब्युदाँ यांना गुरू लाभले ते स्तेफान तार्निए. तार्निए यांच्याच सूचनेवरून या तरुण डॉक्टरने एक वरकरणी क्षुल्लक प्रश्न हाती घेतला. मूल जन्मल्यावर नाळ नेमकी केव्हा बांधावी? त्या काळी ती तत्काळ बांधून कापण्याची पद्धत रूढ होती. ब्युदाँ यांनी काही प्रसूतींत नाळ लगेच बांधली, तर काहींत तिचे ठोके थांबेपर्यंत वाट पाहिली आणि दोन्ही वेळी वारेत उरलेले रक्त मोजले. घाईने बांधलेल्या नाळेमुळे वारेत सरासरी सुमारे ९२ घनसेंटिमीटर रक्त जास्त राहते, म्हणजेच तेवढ्या रक्ताला बाळ मुकते, असे त्यांनी १८७५ मध्ये मांडले. जेमतेम तीन किलोच्या जिवाला हे रक्त थोडे नव्हे. पुढच्या शतकात हा निष्कर्ष बऱ्याच अंशी अडगळीत पडला. आज जागतिक आरोग्य संघटना नाळ किमान एक मिनिट तरी कापू नये, असे सांगते. मोजायचे आणि मगच बोलायचे, ही ब्युदाँ यांची शिस्त या पहिल्याच कामात दिसून येते.

तार्निए यांच्या पेटीची कथा आता दंतकथेसारखी सांगितली जाते, पण ती खरी आहे. पॅरिसमधील एका प्राणिउद्यानात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहून त्यांना कल्पना सुचली. तेथीलच ओदिल मार्तां या कारागिराकडून त्यांनी माणसाच्या बाळांसाठी तसेच यंत्र बनवून घेतले. खालच्या कप्प्यात गरम पाणी आणि वरच्या कप्प्यात बाळे, अशी ही जाड भिंतींची लाकडी पेटी १८८० मध्ये मातेर्नितेत आली. त्यापूर्वी अशा बाळांना कापसात-लोकरीत गुंडाळून शेकोटीजवळ ठेवणे, एवढाच उपाय होता. तार्निए यांचे सहकारी ओवार यांनी १८८३ मध्ये आकडे जाहीर केले. दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांमधील मृत्यूंचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले होते. कोणतेही औषध नसताना, केवळ उबेने.

ब्युदाँ यांनी १८९२ मध्ये पॅरिसच्या शारिते रुग्णालयात एक उपक्रम सुरू केला. तो आज इतका परिचयाचा झाला आहे की, त्याचा कोणी आरंभ केला असेल, हेच ध्यानात येत नाही. प्रसूतीनंतर घरी गेलेल्या स्त्रियांनी ठरल्या दिवशी बाळाला घेऊन रुग्णालयात यायचे. बाळाचे वजन करायचे, ते नोंदवायचे, मागच्या खेपेशी पडताळायचे आणि आईला सल्ला द्यायचा. आजारी मूल डॉक्टरांकडे नेणे जगाला ठाऊक होते. धडधाकट मूल धडधाकट राहावे म्हणून डॉक्टरांकडे नेणे ही नवी गोष्ट होती. अंगावर पाजण्याचा आग्रह हा या सल्ल्याचा गाभा होता. ज्या आईला ते शक्यच नसे, तिला निर्जंतुक केलेले गाईचे दूध दिले जाई. त्याच वर्षी पॅरिसच्या बेलव्हिल भागात गास्तों व्हारियो यांनी आणि १८९४ मध्ये फेकां या बंदरात लेओं द्युफूर यांनी दूधवाटपाची केंद्रे सुरू केली. द्युफूर यांच्या केंद्राचे ‘दुधाचा थेंब’ या अर्थाचे नाव पुढे युरोपभर पसरले. ब्युदाँ यांचा कल मात्र बाटलीपेक्षा आईच्या दुधाकडे अधिक होता. अर्थात, दिवसभर कारखान्यात किंवा शिलाईकामात राबणाऱ्या बाईने दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजायचे कसे, याचे उत्तर डॉक्टरांच्या सल्ल्यात नव्हते. त्या काळच्या बालसंगोपन चळवळीची ही उणीव होतीच आणि ब्युदाँही तिला अपवाद नव्हते.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कसोटीचे पर्व १८९५ मध्ये सुरू झाले. तार्निए यांच्या पश्चात मातेर्नितेची सूत्रे त्यांच्याकडे आली. तेथे १८९३ पासून दुर्बल बाळांसाठी स्वतंत्र विभाग होता. मादाम आंरी या मुख्य सुईणीच्या पुढाकाराने तो उभा राहिला होता. हेतू स्तुत्य होता, परंतु परिणाम निराशाजनक दिसू लागले होते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळांबरोबरच शहरभरातून, घरी जन्मलेली बाळेही तेथे आणली जात. हिवाळ्यात उघड्या गाडीतून, पुरेसे पांघरूण न घालता आणलेल्या या बाळांचे शरीर पोहोचेपर्यंत थंडगार पडलेले असे. काहींचे तापमान ३२ अंशांपर्यंत उतरलेले असे. त्यांना मग कितीही ऊब दिली तरी उपयोग होत नसे. काही बाळे बाहेरून रोग घेऊन येत आणि तो शेजारच्या पेटीत पोहोचवत. दूधआया अपुऱ्या पडत.

ब्युदाँ यांनी या गोंधळाची तीन प्रश्नांत विभागणी केली. पहिला प्रश्न उबेचा, दुसरा अन्नाचा आणि तिसरा संसर्गाचा. एक शतक उलटून गेल्यावरही नवजात अतिदक्षता कक्षातील डॉक्टरची सकाळ याच तीन प्रश्नांनी सुरू होते, हे विशेष. निरोगी आणि आजारी बाळे त्यांनी वेगळी केली. दूध हाताळण्याचे नियम कडक केले. चोखण्याइतकीही शक्ती नसलेल्या बाळाच्या पोटात बारीक रबरी नळीने दूध पोहोचवण्याची तार्निए यांची पद्धत त्यांनी चालू ठेवली. प्रत्येक बाळाचे वजन आणि तापमान यांचे आलेख ठेवले. वजन जितके कमी आणि शरीर जितके थंड, तितकी जगण्याची आशा कमी, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले.

या आलेखांत न बसणारी एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेतून सुटली नाही. पेटीत वाचलेली काही मुले घ्यायला कोणी येत नसे. ज्या आईने बाळाला कधी छातीशी धरले नाही, पाजले नाही, तिची त्याच्यावरची ओढ हळूहळू विरत जाई. गरिबी आणि लोकलज्जा ही कारणे होतीच. मातेर्नितेत येणाऱ्या कित्येकजणी अविवाहित होत्या. परंतु एवढ्यावर समाधान मानून आईला दोष देण्याऐवजी ब्युदाँ यांनी तो रुग्णालयाच्या व्यवस्थेत शोधला. त्यांच्या कार्यातील सर्वांत मोलाचा भाग हाच, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. बाळ वाचवताना आईही वाचली पाहिजे, म्हणजे तिचे आईपण टिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पेटीला काचेच्या भिंती असाव्यात, म्हणजे आईला बाळ सतत दिसेल. आईने बाळाजवळ यावे, शक्य तितक्या लवकर त्याला पाजावे. बाळ अगदी अशक्त असेल तर तिने एखादे सशक्त मूलही छातीला लावावे, म्हणजे स्वतःच्या बाळाला चोखण्याची ताकद येईपर्यंत तिचे दूध आटणार नाही. ही शेवटची युक्ती आज विचित्र वाटेल, पण दूध काढण्याची चांगली यंत्रे नसलेल्या काळात तिच्यामागचे शरीरशास्त्र अचूक होते. स्तन रिकामा होत राहिला तरच दूध येत राहते.

तार्निए १८९७ मध्ये निवर्तले. पुढील वर्षी ब्युदाँ त्यांच्याच नावाच्या प्रसूतिचिकित्सालयात प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने १९०० मध्ये ‘ल नूरिसाँ’, म्हणजे तान्हे मूल, या नावाने ग्रंथरूपात आली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयीच्या या आरंभीच्या महत्त्वाच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान, १९०२ मध्ये बालमृत्यूंविरुद्ध लढणारी राष्ट्रीय संघटना स्थापन करण्यात त्यांनी रूसेल आणि पोल स्त्रोस यांच्यासमवेत पुढाकार घेतला. प्रसूतिगृहाच्या चार भिंतींत सुरू झालेले काम आता देशव्यापी झाले होते. ते ऐन भरात असतानाच २२ जानेवारी १९०७ रोजी मार्से येथे ब्युदाँ यांचे निधन झाले. वय अवघे साठ.

त्यांच्या पेटीचा पुढचा प्रवास चमत्कारिक आहे. नीस शहरातील आलेक्सांद्र लियों यांनी सुधारित पेटी बनवली आणि खर्च भागवण्यासाठी जिवंत बाळांसह ती तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात केली. बर्लिनच्या १८९६ मधील प्रदर्शनात या पेट्यांपुढे गर्दी लोटली. या प्रदर्शनाशी पुढे मार्टिन कूनी या गृहस्थांनी आपले नाव जोडले. आपण ब्युदाँ यांचे शिष्य असून त्यांनीच आपल्याला बर्लिनला धाडले, असे ते सांगत. त्यांनी वैद्यकीय पदवी घेतल्याचा पुरावा मात्र पुढील काळातील अभ्यासकांना सापडला नाही. याच कूनींनी अमेरिकेतील कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ पासून १९४३ पर्यंत बाळांचे प्रदर्शन चालवले. प्रेक्षकांच्या तिकिटांवर खर्च निघे, आईबापांकडून छदामही घेतला जात नसे आणि रुग्णालयांनी आशा सोडलेली हजारो बाळे तेथे वाचली. कूनी १९५० मध्ये वारले. त्यांना भोंदू म्हणावे की उपकारकर्ते, हा वाद अजून मिटलेला नाही.

रुग्णालयांनी ही पेटी स्वीकारली तेव्हा संसर्गाच्या भीतीने आईला दाराबाहेर उभे केले. ब्युदाँ यांचा तिसरा प्रश्न इतका मोठा झाला की, त्यांनी आईविषयी सांगितलेले मागे पडले. अमेरिकेत १९७० च्या सुमारास स्टॅनफर्ड येथील डॉक्टरांनी मातांना कक्षात येऊ देऊन पाहिले. त्यातून संसर्ग वाढला नाही. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल यांनी १९७६ मध्ये माता-बालक बंधावरील ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांना पुन्हा ब्युदाँ आठवले.

पुढचे पाऊल मात्र श्रीमंत देशात पडले नाही. कोलंबियाची राजधानी बोगोता येथील माता-बाल संस्थेत १९७८ मध्ये पेट्यांचा इतका तुटवडा होता की, एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत. संसर्ग होता, मृत्यू होते आणि टाकून दिलेली मुलेही होती. म्हणजे ८० वर्षांपूर्वीच्या मातेर्नितेचेच चित्र. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असे उभे बांधून ठेवण्यास सुरुवात केली. पुढील वर्षी डॉ. हेक्टर मार्तिनेस त्यांना येऊन मिळाले. पिलाला पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या प्राण्यावरून या पद्धतीला ‘कांगारू’ हे नाव पडले. ब्युदाँ यांची भिस्त पेटीवर होती. बाळाला असे अंगाशी बांधण्याची पद्धत त्यांनी सांगितली नव्हती. पण त्यांचे तिन्ही प्रश्न येथे एकाच जागी सुटत होते. छातीची ऊब पेटीचे काम करते, दूध तोंडाशीच असते, आणि आईच्या अंगावरचे निरुपद्रवी जंतू बाळाच्या त्वचेवर आधी वस्तीला येतात. वडीलही बाळाला असेच छातीवर धरू शकतात आणि धरतात.

मुंबईशीही या परंपरेचा एक धागा जुळतो. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दूधआयांच्या तुटवड्याने ब्युदाँ हैराण झाले होते. येथे एका आईचे जास्तीचे दूध निर्जंतुक करून दुसरीच्या बाळाला मिळू लागले.

बाळाची प्रकृती स्थिर झाल्यावरच त्याला छातीवर द्यायचे, असा दंडक अगदी अलीकडेपर्यंत होता. तो तपासून पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत अभ्यास केला. भारतातून दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. एक किलो ते १.७९९ किलो वजनाची ३,२११ बाळे निवडण्यात आली. अर्ध्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेचच आईच्या किंवा तिच्याऐवजी दुसऱ्या कोणाच्या छातीवर ठेवले गेले. त्यासाठी अतिदक्षता कक्षातच आईचा पलंग मांडावा लागला. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या पद्धतीतील १५.७ टक्के बाळे दगावली होती, तर लगेच छातीवर ठेवलेल्यांपैकी १२ टक्के. हा फरक इतका स्पष्ट होता की, देखरेख मंडळाच्या सल्ल्यावरून नवीन बाळांची नोंदणी नियोजित वेळेआधीच थांबवण्यात आली. उरलेल्या बाळांना आईपासून दूर ठेवणे आता योग्य ठरले नसते.